मशीनच्या वाट्याचं पाणी

मंगळवारी सकाळी सिद्धिविनायकाच्या रांगेला चिकटून हातगाडी ढकलणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर कोळी. कालिंदी दोन्ही आहे, असं तिची आई म्हणायची.

गाडीवर उभं बांधलेलं एक आउटबोर्ड मशीन होतं. होडीच्या पाठीला लावतात ते... वर मोठं डोकं, खाली लांब पाय, पायाला पंखा. पंचवीस घोड्यांचं, जपानी, आणि वयाने कालिंदीपेक्षा फक्त चार वर्षांनी लहान. पाऊस भुरभुरत होता म्हणून तिने ते आईच्या लाल लुगड्यात गुंडाळलं होतं. तीच चूक झाली. लाल वस्त्र, मोठं डोकं, जड अंग. रांगेतल्या एका म्हातारीने बघितलं, भक्तिभावाने हात जोडले आणि परडीतलं जास्वंदीचं फूल थेट मशीनच्या डोक्यावर ठेवलं.

“कुठला गो गणपती? गावी चाललाय?”

कालिंदीला हसू आवरेना. त्यात गाडीचं चाक गटाराच्या झाकणात जाऊन बसलं. मागून टॅक्सी बोंबलायला लागली. आणि मागूनच एक आवाज आला, अगदी शांत—

“मावशी, नमस्कार करा. पण उदबत्ती लावू नका. देव पेट्रोल गळतोय.”

म्हातारी दचकून मागे सरली. कालिंदीने वळून बघितलं. खाकी हाफ पँट, कोपरापर्यंत ग्रीस, ओठांत धरलेला एक बोल्ट. त्या बोल्टसकट तो बोलला होता. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते आणि डोळे... डोळे सरळ मशीनकडे. तिच्याकडे नाही. तिला उगाच राग आला.

“धक्का मारणार आहात का नुसते बघणार?”

त्याने धक्का मारला. चाक झाकणातून सुटलं. मग लुगड्याचा पदर जरासा उचलून त्याने आत डोकावलं. इतक्या हलक्या हाताने, की कालिंदीला आपलाच पदर कुणीतरी उचलल्यासारखं झालं.

“कुठे नेताय?”

“परत घरी. त्या गल्लीतला म्हणतो भंगारात टाका. माझगावचाही तेच म्हणाला.”

“आणि तिसराही तेच म्हणाला तर?”

“तर चौथा शोधीन.”

“चौथा नाही.” त्याने ओठांतला बोल्ट काढून खिशात टाकला आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “या बाजूला होड्यांची मशीनं उघडणारा तिसरा मीच. माझ्यानंतर डायरेक्ट भंगारवाला. ज्युलियन नाव माझं. गॅरेज इथेच आहे, मागच्या वाडीत.”

---

कालिंदीला घाई होती, आणि कारण साधं होतं.

तिचा बाप आनंदा दोन वर्षांपूर्वी गेला. वरळी कोळीवाड्यात त्याची ‘रखमा’ नावाची होडी होती. आजीच्या नावाची. त्याच्यामागे ती जयवंतकाका चालवायचा. कालिंदी परळच्या काचेच्या ऑफिसात हेडफोन लावून परक्यांच्या शिव्या ऐकायची. यंदा मे महिन्यात तिने हेडफोन टेबलावर ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, होडी मी चालवणार.

कोळीवाड्यात बाई काय करत नाही? मासे विकते, घर चालवते, भांडण झालं तर चौघांना पुरून उरते. पण होडीत पाय ठेवायचा नाही! का, तर आजवर ठेवला नाही म्हणून. ज्याला कारण नसतं त्याला रिवाज म्हणतात.

काकाने आरडाओरडा केला नाही. त्याने अट घातली. “भावाचं मशीन म्हातारं झालंय. ते घेऊन खांबांपलीकडे जा आणि न थांबता परत ये. मी धक्क्यावरून बघतो. नारळी पुनवेच्या आत. जमलं तर होडी तुझी. नाही जमलं तर तू आईबरोबर दादरच्या बाजारात, आणि हा विषय बंद.”

खांब म्हणजे समुद्रातल्या पुलाचे खांब. कोळ्यांच्या समुद्राच्या वाटेत ते कुठे रोवायचे हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी जन्मात वल्हं धरलं नव्हतं. दोन खांबांच्या मध्ये पाणी चिंबोरीच्या नांगीसारखं आवळतं. तिथे मशीन बंद पडलं, तर होडी काँक्रीटवर आपटायला फार वेळ लागत नाही.

“मग नवंच घ्या ना,” ज्युलियन म्हणाला. मशीन आता त्याच्या गॅरेजात स्टँडवर उभं होतं. फूल अजून डोक्यावर होतं, त्याने ते काढलं नव्हतं. “मच्छीमार सोसायटीकडून मिळतं कोळ्यांना.”

“होडी आता काकाच्या नावावर आहे, कागदावर त्याची सही लागते. अट पुरी केल्याशिवाय तो देणार नाही. आणि...” ती थांबली. “हे बाबांचं आहे.”

त्याने दोन्ही स्पार्क प्लग काढले आणि एकेका भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली. आतली हवा अंगठ्याला किती जोराने ढकलते त्यावरून मशीनचा दम कळतो. खालच्या सिलिंडरने अंगठा उडवला. वरच्याने नुसता सुस्कारा टाकला.

“नवं घ्यायचं की हेच बांधायचं, ते खोलल्याशिवाय सांगत नाही मी. चार दिवस द्या.”

“मी रोज येईन.”

“रोज कशाला?”

“लक्ष ठेवायला.”

“मशीनवर?”

ज्युलियनचे कान लाल झाले. ग्रीसमधूनसुद्धा दिसले.

---

ती रोज आली. पावसाळ्याची मासेमारी बंद होती, म्हणून आईबरोबर दादरला सुके बोंबील विकायचे आणि परतताना प्रभादेवीला उतरायचं. अंगाला सुकटीचा वास, पायाला बाजाराचा चिखल. ऑफिसात असताना ती तीन-तीनदा साबण लावायची. इथे ती तशीच येऊन पिंपावर बसायची. ते निळं पिंप पाण्याने भरलेलं असायचं, मशीनं त्यात बुडवून चालवून बघायला.

“वास येतोय ना मला?” तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं.

“येतोय.”

“मग?”

“मग काय? मला पण येतो. टू-स्ट्रोक ऑइलचा. दोघं मिळून बंदर वाटतो.”

वरच्या मजल्यावरून त्याची आई पॉलीन चहा घेऊन खाली यायची. कालिंदीला बघायची, मशीनला बघायची, मुलाला बघायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणालीच, “आजारी कोण आहे रे नक्की? मशीन, की ही पोरगी, की तू?”

“मम्मी!”

“बोंबील कसे दिलेस गो? आणि मोठे आहेत का? छोटे आमच्या बाटली मसाल्याच्या कालवणात विरघळतात.”

चौथ्या दिवशी त्याने ब्लॉक उघडला.

कालिंदी शेजारी उभी होती, इतकी जवळ की तिच्या वेणीचं टोक त्याच्या खांद्याला लागत होतं. आतून पांढरं, चुरचुरीत काहीतरी निघालं. त्याने ते बोटावर घेतलं, जिभेला लावलं.

“मीठ,” तो म्हणाला. “मशीन समुद्राचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. परत आल्यावर त्याला गोड्या पाण्यात चालवून धुवायला लागतं. दर खेपेला. याला कित्येक महिने गोडं पाणी मिळालेलं नाही. कोणी बघायचं नाही का?”

कालिंदी ब्लॉकपासून एक पाऊल मागे सरली.

कोळीवाड्यात पाणी सकाळी तासभर. समोरच्या टॉवरात पाचव्या मजल्यावर पोहायचा तलाव, आणि खाली नळाला रांग. त्या रांगेतून आनंदा पहिलं पिंप भरायचा ते मशीनचं. मग घरचं. आई ओरडायची, “बायकोला कळशी आणि मशीनला पिंप! त्याच्याशीच लगीन लावायचं होतंस!” तो हसायचा. म्हणायचा, “ते आपल्यासाठी खारं पाणी पितं, रखमेच्या सुने. त्याला गोडं आपण नाही पाजायचं तर कोणी?”

तो गेल्यावर ते पिंप भरायचं काम कालिंदीकडे आलं होतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “काका चालवायचा.”

खोटं. सपशेल. आणि खोटं बोलण्याच्या नादात तिने ज्युलियनकडे बघितलंच नाही. तो टॉर्च घेऊन ब्लॉकच्या आत बराच वेळ बघत होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एका जागी हळूच टोचलं. थांबला. टॉर्च बंद केला. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं... तिच्या भिजलेल्या वेणीकडे, ओठ चावणाऱ्या दातांकडे.

“बांधता येईल?” तिने विचारलं.

त्याने ओठांत बोल्ट धरला. मग काढला.

“येईल,” तो म्हणाला. “सिलिंडरला बोअर मारू, पिस्टन बदलू, रिंगा, बेअरिंग. वेळ लागेल. तुला... तुम्हाला यावं लागेल रोज.”

“तुला चालेल,” कालिंदी म्हणाली.

---

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पार्ट यायचे नाहीत, आणि दोघांपैकी कोणालाच त्याचं दुःख व्हायचं नाही.

त्याने तिला पाना धरायला शिकवला. “असं नाही. मनगट सैल सोड.” “सैलच आहे.” “मग माझा हात का दाबतेस?” “मला वाटलं पाना आहे.” तिने त्याला जाळ्याची गाठ शिकवली. त्याने ती इतकी पक्की मारली की सुरीने कापावी लागली. एकदा तो तिच्या केसांजवळून वाकला आणि म्हणाला, “तुझे केस कसे गं इतके मऊ? समुद्राजवळ राहणाऱ्यांचे खरखरीत असतात.” तिने झटकन वेणी पुढे ओढली आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

घरी आईने विचारलं, “चर्चवाला आहे ना गं तो?”

“मेकॅनिक आहे.”

“मी काय विचारलं?”

“मी काय सांगितलं?”

आईने बोंबलांची जुडी आपटली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच त्यातले मोठे-मोठे वेगळे काढून ठेवले. पॉलीनसाठी. बायका आपला तह आधी टोपलीत करतात, तोंडाने नंतर.

बाविसाव्या दिवशी मशीन पिंपात उभं राहिलं. ज्युलियनने दोरी तिच्या हातात दिली. एकदा ओढली, खोकलं. दुसऱ्यांदा... आणि तो आवाज! निळा धूर, पाण्याचा खळखळाट आणि तो घोगरा, ठाम आवाज. पहाटेच्या अंथरुणात ऐकलेला. बाबा निघाले, असं सांगणारा. कालिंदी रडली. आवाज न करता, मशीनच्या डोक्यावर कपाळ टेकून.

ज्युलियनचा हात तिच्या पाठीजवळ आला. थांबला. टेकला नाही.

“उद्या काकाला बोलावते,” ती डोळे पुसत म्हणाली. “तू पण चल होडीत. पोहता येतं ना?”

“पिंपात.”

ती हसली. तो हसला नाही.

---

सकाळची भरती होती. धक्क्यावर जयवंतकाका हाताची घडी घालून उभा, मागे अर्धा कोळीवाडा. बाई होडी चालवणार हे बघायला माणसं लग्नाला जमतात तशी जमली होती.

‘रखमा’ सुटली. हँडल कालिंदीच्या मुठीत थरथरत होतं. तिचे केस सुटले, तोंडावर खारे शिंतोडे आले, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं मी कुठल्या काचेमागे बसले होते?

मशीनच्या कडेच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत होती. ज्युलियन त्या धारेखाली हात धरत होता. पुन्हा. पुन्हा.

“हात कशाला धुतोस सारखा?”

“गरम आहे का बघतोय.”

“आहे?”

“...नाही.”

खांब मोठे व्हायला लागले. आधी काठ्या, मग झाडं, मग इमारती. मधलं पाणी काळं, पिळलेलं. वर पुलावर गाड्या भुर्र पळत होत्या. त्यांना खाली होडी आहे हेही माहीत नव्हतं. कालिंदीने होडीचं नाक दोन खांबांच्या बरोबर मध्ये धरलं.

“कालिंदी, फिरव.”

“काय?”

“होडी फिरव. मागे.”

“वेडा झालास? काका बघतोय.”

“म्हणूनच आत्ता सांगतोय. नंतर सांगून उपयोग नाही.” त्याचा चेहरा लाटेने नव्हे, दुसऱ्याच कशाने तरी उतरला होता. “ब्लॉक कुजलाय. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये एक भिंत असते. मिठाने खाऊन ती कागदाएवढी राहिलीय. वरून मी सगळं नवं घातलं, पण ती भिंत बदलता येत नाही. आज हे जाईल, परतही येईल. काका होडी देईल. उद्याही जाईल. पण एक दिवस इथेच, या ओढीत, भिंत फुटेल, आत पाणी जाईल आणि मशीन थांबेल. आणि त्या दिवशी होडीत तू एकटी असशील.”

कालिंदीने मशीनचा वेग कमी केला. होडी डुचमळायला लागली.

“तुला कधी कळलं?”

“चौथ्या दिवशी.”

“आज तेविसावा आहे, ज्युलियन.”

“मोजलेत मी.”

“मग बांधलंस कशाला?”

तो एकदम बोलला, एखादा गंजलेला नट सुटावा तसा. “नवं घे म्हटलं असतं तर तू गाडी वळवून निघून गेली असतीस. बांधतो म्हटलं तर रोज येणार होतीस. मला तू रोज यायला हवी होतीस. बस्. इतकंच. इतकं हलकट कारण आहे.”

हे असलं प्रेम सांगतात कधी? फुलं नाहीत, बाग नाही. पायाखाली कुजलेलं मशीन, पुढ्यात काँक्रीट आणि तोंडात अपराध. कालिंदीचा हात उठला होता. मारायलाच.

“माझा जीव काय बोल्ट आहे? ओठांत धरून ठेवायला?”

“नाही. म्हणून तर सांगितलं.”

ती धक्क्याकडे वळून बघत राहिली. काका अंगठ्याएवढा दिसत होता. पुढे गेलं तर होडी तिची. फक्त दहा मिनिटं. मशीन आज पलीकडे जाऊन परत येणार होतं, हा स्वतः सांगत होता. उरलेलं उद्या बघता आलं असतं. बाबांनी हेच केलं असतं... आणि तिच्या मनात आलेलं पुढचं वाक्य तिला मोठ्याने बोलावंच लागलं.

“मीठ मी घातलंय त्याच्यात.”

“काय?”

“ते गोडं पाणी. बाबा गेल्यावर मशीनचं पिंप मी भरायचे. आणि मशीनला द्यायचे नाही. मला राग होता... त्याच्यावर, मेला म्हणून. आम्हाला कळशी आणि मशीनला पिंप! मग त्या पाण्याने मी केस धुतले. दोन वर्षं. तू विचारलंस ना, इतके मऊ कसे?” तिने सुटलेले केस दुसऱ्या हाताने मागे सारले. “काकाचं नाव घेतलं मी तुझ्यासमोर. मीच मारलं मशीनला. म्हणून मला ते जिवंत व्हायला हवं होतं. तू खोटं बोलत होतास, आणि मला ते खोटं हवं होतं.”

ज्युलियनने धारेखालचा हात काढला आणि तिच्या मुठीवर ठेवला, हँडलवर. हात गरम होता. धार गरम होती.

कालिंदीने होडी फिरवली. खांब मागे पडले. मग तिने मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं.

एवढी शांतता! फक्त पाणी फळ्यांना थापटत होतं.

“वल्ही घे,” ती म्हणाली.

“मला येत नाही.”

“पिंपातला खलाशी! घे म्हणते ना. तेवीस दिवस फिरवलंस मला. आता तू वल्हव.”

---

धक्का यायला अर्धा तास लागला. ज्युलियनचे तळहात सोलवटले होते. कालिंदीने वल्हवायला मदत केली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

“बंद पडलं?” जयवंतकाकाने विचारलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“नाही,” कालिंदी म्हणाली. “बंद केलं.”

“ब्लॉक कुजलाय, काका. आज पलीकडे जाऊन परत आलं असतं. पण कधीतरी नसतं आलं. तू म्हणत होतास म्हातारं झालंय, तेच खरं. आणि त्याला गोडं पाणी मी दिलं नाही, नाव तुझं घेतलं. आता तुला काय करायचं ते कर.”

“माझी चूक आहे,” ज्युलियन मध्येच पुढे आला. “मला आधीच कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलंस?”

ज्युलियनने नको तिथे बघितलं. कालिंदीकडे. काकाने त्याची नजर जिथे गेली तिथपर्यंत सावकाश नजर नेली. चाळीस वर्षं पाण्यावरच्या नुसत्या रेषेवरून खालचा मासा ओळखणारा माणूस तो.

“अस्सं,” तो म्हणाला. “असं आहे तर.”

मग तो धक्क्याच्या दगडावर बसला.

“तुझा बाप पुढेच गेला असता,” तो म्हणाला. “हट्टाने. बिघडलेलं मशीन घेऊन, गाव बघतंय म्हणून. दोनदा मी त्याला दोर टाकून ओढून आणलाय. तुला कोणी सांगितलं नाही, कारण त्याची शान जाईल म्हणून त्याने मला शपथ घातली होती. मी बाईला नको म्हणत नव्हतो गो पोरी. मी आनंदाच्या हट्टाला नको म्हणत होतो. तुला ओढून आणायला मी किती वर्षं पुरणार?” त्याने नाक शिंकरलं. “खांबापर्यंत जाऊन, सगळं गाव बघत असताना जी परत फिरते, तिला मी आणखी काय शिकवू? सोसायटीचा कागद आण. सही करतो.”

कालिंदीने काकाच्या खांद्यात तोंड लपवलं. मग वळून ज्युलियनला म्हणाली, “तू जा.”

“कालिंदी...”

“जा म्हटलं ना. आत्ता तुझं तोंड बघितलं तर मी एकतर मारीन, नाहीतर... जा.”

तो गेला. म्हातारं मशीन हातगाडीवर घालून, एकटाच ढकलत. काका म्हणाला होता, भंगार घेऊन जा म्हणून.

---

नवं मशीन आलं. चकचकीत, फोर-स्ट्रोक, धूर नाही, आवाज नाही. आईने त्याला हळदकुंकू लावलं. कालिंदीने हात फिरवला, तर हाताला काहीच लागलं नाही, ना ओरखडा ना आठवण. त्याच्या पिंपाचं पाणी मात्र तिने पहिल्या दिवसापासून भरलं. घरच्या आधी.

ज्युलियन आला नाही. जा म्हटल्यावर खरोखर जाणारे पुरुष भारी मूर्ख असतात.

पुनवेच्या दोन दिवस आधी पॉलीन दादरच्या बाजारात कालिंदीच्या टोपलीपुढे येऊन उभी राहिली.

“मोठे बोंबील दे. माझा मुलगा जेवत नाही. हाताला फोड आलेत म्हणून, की दुसरं काही, ते मी विचारत नाही.”

“त्याला सांगा...”

“मी पोस्टमन नाही पोरी.” तिने बोंबील पिशवीत टाकले आणि जाता जाता थांबली. “ते तुझं भंगार त्याने साफ करून दारात ठेवलंय. येणारा-जाणारा त्याला फूल वाहतो. काय म्हणायचं याला!”

कालिंदी तोंडाला पदर लावून हसली. शेजारी बसलेली आई म्हणाली, “हस, हस. आणि पॉलीन, तू त्याला सांग, पुनवेनंतर पहिली खेप येते ती बघायला ये. नाही आला तर मीच वरात घेऊन जाईन त्याच्या चर्चात!”

नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला. आणि त्यानंतरच्या पहिल्या खेपेला ‘रखमा’ खांबांमधून गेली. मधलं काळं पाणी, आवळणारी ओढ, आणि कालिंदीची मूठ. मशीन थांबलं नाही. ती पलीकडे गेली, जाळं टाकलं, आणि दुपारी उन्हात परतली तेव्हा होडीत मांदेली चमकत होती.

धक्क्यावर एकटाच एक माणूस उभा होता. स्वच्छ शर्ट, स्वच्छ हात. तळहातांवर सोललेल्या जागी नवी गुलाबी कातडी. पायाशी पाण्याचे दोन मोठे कॅन.

कालिंदीने दोर फेकला. त्याने तो झेलला आणि तिनेच शिकवलेली गाठ मारली. या वेळी बरोबर.

“नव्या मशीनला मेकॅनिक लागत नाही,” ती होडीतूनच म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग कशाला आलास? खोलायला काही नाही. बांधायला काही नाही. रोज यायला निमित्त नाही.”

“नाहीच आहे.” त्याने मान हलवली. “म्हणून निमित्ताशिवाय आलो. खरं बोलायचं ठरवलंय. तू मला आवडतेस. आणि आता पाणी घेऊन आलोय, प्रभादेवीहून, स्कूटरवर. अर्धं सांडलं वाटेत... म्हणून दोन आणले.”

कालिंदी धक्क्यावर चढली. तोंडावर मीठ वाळून पांढरं झालं होतं, केस दोरासारखे राठ. तिने वेणी सोडली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. इतकी जवळ, की त्याने श्वास घेतला तर समुद्रच आत जावा.

“आधी मशीनला,” ती म्हणाली.

“हो.”

“एक थेंबही कमी नको.”

“नाही.”

“मग उरलं तर...” उभ्या कोळीवाड्याशी भांडणारी बाई एका वाक्यापाशी अडखळली.

ज्युलियनने दुसरा कॅन उचलून तिच्या पायाशी ठेवला.

“उरलेलं नाही,” तो म्हणाला. “हा पहिल्यापासून तुझाच.”